नेल्डाची काठी

मार्लिस केक घेऊन दारात उभी राहिली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या पाइन रिज गावात न बोलावता कुणी केक आणतं ते एक तर कुणी गेलं असलं तर, नाहीतर काहीतरी गळी उतरवायचं असलं तर. नेल्डाच्या घरी कुणी गेलेलं नव्हतं.

सप्टेंबरचा शनिवार होता. मी आणि नेल्डा कोवाल तिच्या स्वयंपाकघरात चर्चच्या जेवणासाठी पेरोगी, म्हणजे पाण्यात उकळायच्या करंज्या, करत होतो. बटाट्याचं सारण मी भरत होते, कडा ती चिमटत होती. मार्लिसनं केक टेबलावर ठेवला, कोट न काढताच खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "नेल्डा, गुडघा कसा आहे?"

"माझा नाही, दवाखान्याचा आहे. त्यांनाच विचार."

तिचा डावा गुडघा मार्चमध्ये बदलला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं की चाल, जिने चढ, बस चालव, पण उकिडवं बसायचं नाही. आणि आमच्या खेळात दगड सोडायचा तो उकिडवं बसून, एक पाय मागे ताणून, बर्फावरून घसरत. कर्लिंग म्हणजे सगळं त्या बसण्यातच. बावीस वर्षं आम्ही चौघी एका संघात होतो: पहिले दगड माझे, मग ग्वेंडाचे, मग मार्लिसचे आणि शेवटचे कप्तानाचे, म्हणजे नेल्डाचे. शस्त्रक्रियेनंतर नेल्डानं काठी आणली होती. लांब दांड्याची, पुढे दगडाची मूठ पकडणारं टोक असलेली. तिनं दगड उभ्यानं ढकलता येतो. आमच्या क्लबात तशी काठी बुधवारी दुपारच्या खेळात असायची. बुधवारी दुपारी खेळतात ते ऐंशीच्या घरातले.

मार्लिसनं टेबलावरचं पीठ बोटानं गोळा करत एकदाचं सांगून टाकलं. या वर्षी ती स्वतः कप्तान होणार. ग्वेंडा तिच्याबरोबर जाणार. दोघी नव्या मुली शेजारच्या गावातून येणार. मुली म्हणजे बावन्न आणि पंचावन्नच्या. पन्नाशीपुढच्या बायकांची स्पर्धा ती. ग्वेंडाचा भाचा ट्रेंट विनिपेगला प्रशिक्षण देतो, तो मदत करणार. आणि नेल्डानं संघाची मार्गदर्शक व्हावं.

"काचेमागे, बघणाऱ्यांत बसून?" नेल्डानं विचारलं.

"काचेमागे ऊब असते गं. आणि तुझं डोकं आम्हाला हवंच आहे."

"डोकं हवंय, गुडघा नको."

"काठी घेऊन कुणी जागतिक स्पर्धेच्या वाटेवर जातं का? लोक काय म्हणतील? म्हातारपणाची काठी घेऊन आलीत म्हणतील."

नेल्डानं हातातली पेरोगी पुरी चिमटली, ताटात ठेवली आणि मान वर केली. "मार्लिस, केक घेऊन जा. आर्लीनला साखर चालत नाही आणि मला तो गोड लागणार नाही."

आर्लीन म्हणजे मी. मला साखर उत्तम चालते. पण ती वेळ बोलायची नव्हती.

मार्लिस गेल्यावर नेल्डानं उरलेल्या कडा चिमटल्या. मग म्हणाली, "तू कुणाकडे?"

"मी इथे बसलेय, दिसत नाही का?"

"मग उठ आणि पाणी उकळायला ठेव."

नेल्डा तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. तेहेतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. उणे तीस तापमानात, रस्ता काचेसारखा झालेला असताना, मुलाच्या फाटकासमोर बस बरोबर थांबवायची म्हणजे ब्रेक किती आधी दाबायचा हे तिला तळपायातून कळायचं. दगड कुठे थांबेल हेही तिला तसंच कळायचं. नवरा, पीटर, धान्याच्या गोदामावर होता. तो गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती बसवर परत हजर झाली. कुणी म्हणालं, थोडी विश्रांती घे. ती म्हणाली, "मुलांना शाळा आहे." तिला 'नको' म्हटलं की ती ते काम दोनदा करायची. म्हणून मार्लिसनं तिला सरळ येऊन 'नको' म्हटलं हीच खरी चूक झाली, असं मी आजही मार्लिसला सांगते.

दोघींचा संघ होत नाही. तिसरी मिळाली ती लूझ. लुझविमिंडा अब्रेनिका तिचं पूर्ण नाव. फिलिपिन्सहून येऊन अकरा वर्षं झालेली, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. पहिल्या हिवाळ्यात क्लबात फुकट सूप मिळतं म्हणून शिरली आणि बर्फावर उतरली ती उतरलीच. वय त्रेपन्न, उंची माझ्या खांद्याएवढी, पण ब्रश हातात आला की दगडापुढचा बर्फ असा घासायची की दगडाला थांबायची लाज वाटावी. नेल्डाला ती 'आते' म्हणायची. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात.

चौथी नेल्डाची नणंद टेक्ला, वय अडुसष्ट. तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती स्वतःच आली. "मार्लिसला हरवायचं असलं तर मी आहे. दुसऱ्या कुणाला हरवायचं असलं तर माझे पाय दुखतात."

संपूर्ण हिवाळाभर आम्ही सराव केला. नेल्डा बस उभी करून चारला क्लबात यायची आणि काठीनं साठ-साठ दगड ढकलायची. काठीनं दगडाला वळण देणं अवघड असतं. मनगट फिरतं ते नुसतं मुठीत, बोटांना दगड कळत नाही. डिसेंबरात तिचे दगड बर्फाच्या पट्टीच्या कडेच्या फळीला धडकत होते. शेजारच्या पट्टीवरून कुणी म्हणे, "नेल्डा, बुधवारी ये ना, कॉफीपण मिळते." ती म्हणायची, "बुधवारीही येते." आणि खरंच यायची. ऐंशीच्या म्हाताऱ्यांकडूनच ती शिकली. स्टॅन नावाचे एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ तिला शिकवताना ओरडायचे, "ढकलू नकोस बाई, चाल. तू चाललीस की दगड चालतो." जानेवारीत दगड चालायला लागला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ग्लेनवुडला विभागाची पात्रता फेरी होती. जागतिक स्पर्धेच्या शिडीची ही अगदी खालची पायरी. विभागातून प्रांत, प्रांतातून देश, देशातून जग. आठ संघ, दोनदा हरलं की घरी, आणि वर जाणार फक्त दोन.

शुक्रवारी दुपारी पहिला सामना ग्लेनवुडच्याच बायकांशी पडला. तिसऱ्या फेरीत टेक्ला दगडामागे धावताना घसरली आणि हातावर पडली. मनगटाचा आवाज मला ऐकू आला. ती बर्फावर बसल्या बसल्या म्हणाली, "दगड कुठे थांबला?"

"घरात," नेल्डा म्हणाली. घर म्हणजे बर्फावर रंगवलेली ती गोल कडी, जिच्या मध्याजवळ दगड न्यायचा असतो. फेरी संपली की समोरच्यांपेक्षा मध्याजवळ जितके दगड, तितके गुण.

"मग ठीक आहे," म्हणून ती उठली आणि इस्पितळात गेली. राखीव खेळाडू आमच्याकडे कुठली? नियम असा की तिघींनीही खेळता येतं, एरवी दर फेरीत चौघी दोन-दोन दगड टाकतात, तिघी असल्या तर पहिल्या दोघींनी तीन-तीन टाकायचे. तो सामना आम्ही हरलो. सामन्यानंतर पंच ओल्सन, निवृत्त मास्तर, हळूच येऊन म्हणाले, "नेल्डा, माघार घेतलीस तरी कुणी नाव ठेवणार नाही. उद्या तीन सामने आहेत आणि तुम्ही तिघी."

"ओल्सन, तुम्ही माझ्या मुलाला गणित शिकवलंत. एकदा हरलं की किती हरायचं उरतं?"

"एकदा."

"मग ते उरू दे."

शनिवारी तीन सामने खेळलो आणि तिन्ही जिंकलो. हे लिहायला सोपं आहे. माझे खांदे त्या दिवशी जे गेले ते अजून पूर्ण आलेले नाहीत. नेल्डाचे दगड असले की मी घरात उभी राहून ब्रशनं निशाण दाखवायचे आणि लूझ एकटी दगडापुढे घासत यायची. मधल्या सुट्टीत ती डब्यातला भात आणि तळलेला मासा खायची आणि टेक्ला, हाताला प्लॅस्टर घालून काचेमागे बसलेली, काचेवर टकटक करून काहीतरी सांगत राहायची. काय ते ऐकू यायचं नाही. चेहऱ्यावरून शिव्या वाटायच्या.

दुसरा सामना संपला तेव्हा ट्रेंट पंचांच्या टेबलाशी गेला. अंगाला चिकटलेलं जाकीट, हातात टॅबलेट. बोलला अगदी अदबीनं. "माझा काही वैयक्तिक आक्षेप नाही. पण ही जागतिक स्पर्धेची पात्रता आहे. काठी चालते का, एवढंच विचारतोय."

त्याच्यामागे मार्लिस उभी होती, जमिनीकडे बघत.

ओल्सननी चष्मा लावला, स्पर्धेचं नियमपुस्तक उघडलं आणि वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं. काठी चालते. एकदा काठी घेतली की पूर्ण स्पर्धा काठीनंच. आणि हातानं टाकणाऱ्याप्रमाणेच, बर्फावर आडवी आखलेली जाड रेषा यायच्या आत दगड सुटला पाहिजे. नाहीतर तो दगड बाद.

"मग रेषेवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं," ट्रेंट म्हणाला. "काठी लांब असते. कळत नाही."

सगळ्यांनी नेल्डाकडे पाहिलं. ती केचपमध्ये चीज सँडविच बुडवत होती. "एक माणूस कशाला? दोन ठेवा. एकाला जांभई आली तर?"

ओल्सननी एकच ठेवलं, स्थानिक ग्रंथालयातली एक बाई, हातात छोटा झेंडा देऊन. तिथून पुढे नेल्डाच्या प्रत्येक दगडाला ती रेषेशी वाकून बघायची. दुसऱ्या कुणाच्याही दगडाला नाही. मला संताप आला होता. मी नेल्डाला म्हणाले, "हा अपमान आहे."

"अपमान तिचा होईल. दिवसभर वाकून तिची कंबर जाईल आणि झेंडा एकदाही वर जायचा नाही."

रविवारी सकाळी दहाला शेवटचा सामना होता. एक जागा ग्लेनवुडनं आदल्या दिवशीच घेतली होती, तीही मार्लिसला हरवून. दुसऱ्या जागेसाठी समोर मार्लिस. बाहेर उणे बत्तीस, इंजिन गोठू नये म्हणून गाड्या विजेच्या तारेला जोडून तापत ठेवलेल्या, आणि काचेमागे आख्खं पाइन रिज. खेळ सुरू होण्याआधी हात मिळवायचा असतो, तसा मिळवला. "खेळ चांगला होऊ दे," मार्लिस म्हणाली. "होईल," नेल्डा म्हणाली. ग्वेंडानं माझा हात जरा जास्त वेळ धरला. मी सोडवून घेतला.

आठांपैकी चार फेऱ्यांनंतर चार-चार गुण. पाचव्या फेरीत शेवटचा दगड आमचा होता. मार्लिसचे दोन दगड घराच्या मध्याशी बसलेले. नेल्डानं ते दोन्ही एका फटक्यात उडवायचं ठरवलं आणि काठी जोरात चालवली. दगड सुटला. मी घरात उभी होते. माझ्याकडे येणारा दगड असा सरळ, असा वेगात, की मला आधीच हसू फुटलं. ग्रंथालयवाल्या बाईचा झेंडा खाली होता. लूझ पळत पळत घासत होती.

तेवढ्यात दगडामागून नेल्डा म्हणाली, "लूझ, अडव त्याला."

लूझनं मान वळवली. "काय?"

"अडव. रेषेवर सुटला."

लूझनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग तिनं ब्रश आडवा घातला आणि दगड बाजूला थांबवला. काचेमागे टेक्ला उठून उभी राहिली. बाई झेंडा हातात घेऊन गोंधळली होती. तिला काही दिसलं नव्हतं, दिसण्यासारखं नव्हतंच, बोटभर अंतराचा प्रश्न. मार्लिसला दोन गुण मिळाले. सहा-चार.

मी नेल्डाजवळ गेले. माझा आवाज चढला होता. "झेंडा वर गेला नव्हता."

"मला ठाऊक आहे."

"मग तुला कुणी विचारलं होतं?"

"आर्लीन, मी या काठीनं जिंकणार आहे. जिंकल्यावर हॉटेलात, चर्चमध्ये, पोस्टात कुणीही म्हणता कामा नये की रेषेवर सुटलेल्या दगडानं जिंकली. एकानंही नाही. आता तुझे तीन नीट टाक."

आमच्या खेळात आपली चूक आपण सांगायची हा जुना रिवाज आहे, लहानपणापासून सगळेच शिकतात. पण जागतिक स्पर्धेच्या पायरीवर, दोन गुणांच्या फरकानं, समोर मार्लिस असताना तो पाळणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. आणि ती हे पुण्य म्हणून करत नव्हती. रागानं करत होती.

सहाव्या फेरीत आम्ही दोन गुण घेतले. सातव्यात मार्लिसनं एक घेतला. सात-सहा, आणि शेवटच्या फेरीत शेवटचा दगड नेल्डाचा. एक गुण मिळाला तर बरोबरी होऊन आणखी एक फेरी. दोन मिळाले तर जिंकलो. लूझ माझ्या कानात म्हणाली, "आर्लीन, जास्तीची फेरी मी मरेन." तिचे ओठ पांढरे पडले होते.

मार्लिसनं आपला शेवटचा दगड घराच्या पुढे, बरोबर वाटेत नेऊन उभा केला. उत्तम दगड होता. आमचा एक दगड मध्याच्या सगळ्यात जवळ होता, पण त्याच्या खालोखाल तिचा. तिच्या दगडापेक्षा आत दुसरा न्यायचा, आणि वाटेत तिचा पहारेकरी. बाजूनं वळवून, हळू. काठीला न जमणारी नेमकी गोष्ट.

नेल्डा काचेकडे न बघता पलीकडच्या टोकाला चालत गेली. मी ब्रश टेकवून निशाण दाखवलं. तिनं मान हलवली, दोन वीत बाहेर घे म्हणून. मला ते फारच वाटलं, पण मी घेतलं. ती चालू लागली. लहान पावलं, सपाट, जशी बसमधून उतरून एखाद्या मुलाला रस्ता ओलांडून द्यायला चालायची. दगड रेषेच्या हातभर आधी सुटला. हे काचेमागच्यांनाही दिसलं असेल.

"थांबेल," लूझ ओरडली. "हळू आहे."

"घास," नेल्डा म्हणाली.

लूझ घासू लागली. अर्ध्या वाटेत तिचे हात जड झालेले मला दिसले. मी निशाण सोडलं, पुढे धावले आणि तिच्या समोरून वाकले. दोघींचे ब्रश एकमेकांना लागत होते. दगड पहारेकऱ्याच्या अंगाला चाटून जाईल असं वाटलं, गेला नाही. मग तो आत वळला. शेवटचे चार हात आम्ही श्वास घेतला की नाही ते आठवत नाही. दगड थांबला तेव्हा तो मार्लिसच्या दगडाच्या आत पुरा वीतभर होता. मोजपट्टी आणायचीही गरज नव्हती.

लूझ तिथेच बर्फावर पालथी पडली. ट्रेंट टॅबलेटवर काहीतरी बघत राहिला. मार्लिस घराच्या मागून पुढे आली, हातमोजा काढला आणि नेल्डाचा हात धरला.

आमच्याकडे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिला पेला पाजायचा असतो आणि एका टेबलावर बसायचं असतं. कितीही वैर असो. नेल्डानं व्हिस्की मागवली, मार्लिसपुढे ठेवली आणि समोर बसली. मार्लिस म्हणाली, "पाचव्या फेरीत तू का सांगितलंस? मला काहीच दिसलं नव्हतं."

"तुला दिसायची वाट बघितली असती तर तू मला अजून दहा वर्षं काचेमागे बसवलं असतंस."

"मी तुझ्या भल्याचंच बोलले होते."

"ठाऊक आहे. म्हणून तर जास्त झोंबलं."

मार्लिसनं पेला फिरवला. "तू भांडायला यायचंस ना. सरळ केक परत दिलास."

"भांडायला आलेच की. फक्त पाच महिने लागले."

ग्वेंडा आधी हसली, मग मी. मार्लिस हसली नाही, पण पेला तिनं रिकामा केला. उठताना म्हणाली, "प्रांताला चौथी लागेल तुम्हाला. टेक्लाचा हात तोवर भरून यायचा नाही."

"हरलेल्या संघातून घेता येत नाही. नियम आहे," नेल्डा म्हणाली. असा काही नियम नव्हता. मार्लिसलाही ते ठाऊक होतं.

प्रांताच्या स्पर्धेला आम्ही चौथी म्हणून बुधवारच्या गटातली डेल्मा नेली, वय एकाहत्तर. सात सामने खेळलो, सहा हरलो. शहरातल्या बायकांनी आमची धूळधाण केली. एका सामन्यात तर बारा-एक. पण दर सामन्यात नेल्डा काठी घेऊन चालली, आणि तिसऱ्या दिवशी गेल्या वर्षीच्या विजेत्यांना आम्ही एका गुणानं हरवलं. त्या संध्याकाळी दोन अनोळखी बायका येऊन काठी हातात घेऊन बघत होत्या. एकीचा खुबा बदललेला होता. तिनं नेल्डाला पाच मिनिटं नुसतं मनगटाबद्दल विचारलं.

परतल्यावर आमच्या साप्ताहिकाचा पोरगेला वार्ताहर क्लबात आला. "सहा पराभव. निराश झालात का?"

"किती जिंकलो ते लिहिलंस का?"

"एक."

"मग एक लिही. मोठ्या अक्षरात."

त्यानं खरंच तसं छापलं. मार्लिसनं ते कात्रण क्लबाच्या फळ्यावर लावलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मी पाहतेय हे कळताच ती कॉफी आणायला निघून गेली.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. नेल्डानं बस सोडली, उजवा गुडघाही बदलला. आमच्या विभागात यंदा काठीवाल्या पाच बायका नाव देऊन आहेत, आणि रेषेवर वाकणारं माणूस आता सगळ्यांसाठी असतं. प्रांताला आम्ही त्यानंतर एकदाच पोचलो, दोन जिंकलो. जागतिक स्पर्धा नेल्डानं अजून टीव्हीवरच पाहिली आहे. ती बघताना ती गप्प बसत नाही. "हिनं दोन वीत बाहेर घ्यायला हवं होतं," म्हणते, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर निघतं.